स्लाइड क्रमांक नऊ

कोपरखैरण्याच्या एका कॉलेजात विभागीय नाट्यपरिषद, दोन दिवस.
ठाण्याहून आम्ही: सात पोरं, दोन मास्तर,
एक भाड्याची सुमो, आणि टपावर दोरीने आवळलेला
नेपथ्याचा लाकडी दरवाजा,
ज्याचा रंग रात्रभर पंखा लावूनही ओलाच.

नोंदणी झाली, गळ्यात पट्टा आला.
केळसकरचा केळकर झाला होता.
मधला स ऐरोलीच्या पुलावर पडला असणार,
मी म्हणालो. पोरं हसली, मास्तरांच्या विनोदाला हसतात तेवढीच.

दीपप्रज्वलन. एसीचा झोत नेमका समईवर.
पाच मान्यवर, अर्धी काडेपेटी,
फोटोपुरती एक वात टिकली.
मागून इम्तियाज कुजबुजला,
‘सर, एक्झिट लवकर घेतली.’

दुपारी माझा निबंध.
आगरी लग्नविधींतली नाट्यतत्त्वं.
तीन वर्षांचं काम, एकेचाळीस तळटिपा, मिनिटं पंधरा.
लॅपटॉपशी हर्षला मढवी, दुसरं वर्ष.
तिला वाचिक अभिनय मीच शिकवतो.
जीभ मागे वळव, टाळूला टेकव, ळ म्हण.
कमळ. काजळ. ओंजळ.
ती म्हणायची. पुन्हा म्हण. पुन्हा म्हणायची.

आठवी स्लाइड संपली. मी म्हणालो, पुढची.
पडद्यावर दहावी.
एक मागे घे.
आठवी.
पुढे.
दहावी.
नऊ नव्हतीच.
नऊवर ठळक अक्षरांत होतं, ढवळे: एक नामशेष परंपरा,
खाली कुणा बाईचा धुरकट फोटो,
फोटोखाली ‘अज्ञात ढवळारीण’.

कुणी खोकलं. अध्यक्षांचं बोट घंटीवर.
पाठ होतं मला सगळं, तोंडी बोलत गेलो,
पण नामशेष म्हणायची वेळ आली
आणि लॅपटॉपच्या उजेडात हर्षला सरळ माझ्याकडे बघत होती.
‘हल्ली कमी ऐकू येतात,’ मी म्हणालो.
कुणाला, ते म्हणालो नाही.

जेवणानंतर हात धुवायच्या नळावर तीच आली.
‘सर, ती स्लाइड मीच काढली. सकाली.’
का गं?
‘आत्ते गेल्या आयतवारी रबाल्याला गायली, रातभर.
घसा बसलाय तिचा. मेली नाय.’
नळ वाहत होता. तिने बंद केला.
‘शुक्रवारी आमचे गोठिवलीन हलद हाय. तुमी या.
पेपर नका आनू.’

हलद. सकाली.
दुरुस्त करायला माझं तोंड उघडलंसुद्धा.
मग मी नुसतीच चूळ भरली.

दुसऱ्या दिवशी एकांकिका,
आणि तो दरवाजा रंगाने फुगून चौकटीत बसलेला.
पाहुणा पलीकडे, अलीकडे हर्षला, मधे चारशे माणसं.
विंगेत मी संहितेवर बोट ठेवून
पुढचं वाक्य सांगणार, तेवढ्यात तिने दारावर थाप मारली,
‘दार फुगलाय! मागल्या दारान ये!’
पाहुणा मागून आला, धापा टाकत, टाळ्या घेत.
माझं बोट ज्या ओळीवर होतं तिथेच राहिलं.
ती ओळ कुणी म्हटलीच नाही, आणि कुणाचं काही अडलं नाही.

प्रमाणपत्रावरही केळकरच.

शुक्रवारी गेलो. वही घरी ठेवली,
पेन तेवढं खिशात राहिलं.
मांडव, दिव्यांच्या माळा, डीजेची अजून न उघडलेली खोकी,
आणि पाटावर एक सडपातळ बाई, बसक्या आवाजाची,
सगळ्या बायकांना हाताने नुसतं धरून ठेवल्यासारखी गात असलेली.
डोळ्यांपुढे कागद नाही. घंटी नाही.
मधे थांबून तिने पाणी मागितलं, मला पाहिलं.

‘तुमी हर्षलाचे मास्तर ना? काय शिकवता पोरीला?’

मी हर्षलाकडे बघितलं.
कोपरापर्यंत हात पिवळे, खाली मान घालून
ती वाटीत हळद कालवत होती.
तिला वाक्य माहीत होतं.
तिने प्रॉम्प्ट केलं नाही.