म्हैस बुजली नाही तर

रविवारी उद्यमनगरातले लेथ गप्प असतात.
तौफिकच्या शेडमध्ये ड्रॉइंगच्या टेबलावर
आम्ही आकाशगंगा पसरतो,
वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर
बिघडलेल्या कास्टिंगचे चार तुकडे.

खेळ माझा, नियम माझे.
फासा इंद्रजितचा, वीस बाजूंचा, पितळेत ओतलेला.
जरा एकीकडं झुकतो,
ते आम्ही नशीब धरून चालतो.

यानात माणसं तीन, बंक सहा.
वहीत परग्रहांवरून आलेले अर्ज सतरा.

आठ हातांचा योद्धा पहिल्याच फेरीत बाद.
"असली पोरं तालमीत पोत्यानं हायत," इंद्रजित म्हणाला,
"त्यासाठी प्रकाशवर्षं कशाला जाळायची?"
सगळ्या भाषा येणारा दुभाष्याही नको.
सगळंच कळायला लागलं
तर खेळायचं काय?

सन्मतीची एलूर मात्र लगेच आत आली.
एलूर सूर्यास्तानंतर खात नाही.
तिच्या ग्रहावर सूर्य तीन, एकतरी कायम वर,
म्हणून घरी तिला उपास कधी घडलाच नाही.
यानात सूर्यच नाही.
वाटी पुढ्यात घेऊन ती विचारते,
"आत्ता कुणाकडची सकाळ धरायची?"
आम्ही हसलो.
मग कळलं, सन्मती
बंगळूरच्या होस्टेलमधली चार वर्षं सांगत होती.

तौफिकचा ठोक आतून पोकळ,
दोन थौची फट ठेवून जोडलेला.
त्याच्याजवळ बोललेलं आठवडाभर आत घुमतं.
भांडलात तर आठवडाभर भांडण.
त्याला न्यायचं म्हणजे तोंड सांभाळायचं.
घेतला.

उरला एक बंक.
इंद्रजितचा वाफर, जो संकटाच्या आधी पाच मिनिटं शिंकतो;
आणि माझा डुंब,
ज्याला आपण आवडत नाही.
"मग तो येतोय कशाला?"
ते मलाही माहीत नव्हतं. तेवढ्यासाठीच तर मला तो हवा होता.

रात्री वाद गंगावेशीत गेला.
दूध कट्ट्यावर, फेसाच्या मिश्या पुसत
तौफिकनं निकाल दिला:
"हितं आणून उभा करायचा.
म्हैस बुजली नाही, तर आपला."

आम्ही ग्लास धरून डोळे मिटले.
वाफर आला, शेपटीजवळून गेला.
म्हशीनं कान हलवला, एवढंच.
मग मी डुंबला आणलं.
तो लांबच थांबला, पलीकडच्या दिव्याखाली,
आमच्याकडं पाठ करून.

चरवीत वाजणारी धार थांबली.
म्हशीनं पान्हा चोरला.
दूधवाला कासेवरून मान वर करून म्हणाला,
"कोण नवीन माणूस आलंय का रं?"

कुणी काही बोललं नाही.
सन्मतीनं पैसे दिले.
नियम म्हणजे नियम, डुंब बाद.

घरी येऊन मी त्याला खोडलं.
पण पेन्सिल दाबून लिहायची माझी जुनी खोड,
त्याचा वळ पुढच्या पानावर उतरलाय,
जिथं मला पुढच्या रविवारचा ग्रह काढायचा होता.

काढला.
त्याच्या खांद्यावरून एक नदी वळवली,
पाठीवर उतरायला सपाट जागा ठेवली.
वाफर तिथं पोचायच्या आधी पाच मिनिटं शिंकेल.
एवढं तरी त्यांना कळेल.