पाच दिवस, तेरा तास, वीस मिनिटं

रुबाब तडवी फायबर जोडायला आला
तेव्हा मी गच्चीवर बिबड्या थापत होते.
पिठाच्या हातानं खाली आले, तोवर
त्यानं भिंतीला भोक पाडून
केसाइतकी काचेची तार आत ओढली होती.
म्हणाला, मावशी, शंभर एमबीपीएस.
मी विचारलं, शंभर म्हणजे किती रे?
तो हसला.
त्याला वाटलं, म्हातारीला काय कळतंय.

पन्नास.
मला पन्नास माहीत आहे.
सेकंदाला पन्नास ठोके,
सावद्याला जिवरामशेटच्या गादीमागच्या खोलीत,
एकोणीस वर्षं.
टेलेक्सचं ते हिरवट धूड
सुरू झालं की टेबलावर कपबशी चालायला लागायची.
मे महिन्यात वर पत्रा तापलेला,
घामानं बोट सरकलं
आणि चाराच्या जागी पाच गेला
की दिल्लीत केळीचा भाव चढायचा,
आणि शेट माझ्यावर.

सेकंदाला सहा अक्षरं, फार तर सात.
म्हणून रुबाब शिडी लावत होता तेवढ्यात
वीजबिलाच्या पाठीवर हिशेब मांडला.
भाचीनं परवा पाठवलेला फोटो,
बारशातला, बाळाच्या गालावर तीट,
तीन एमबी.
आठानं गुणायचं, पन्नासानं भागायचं:
पाच दिवस, तेरा तास, वीस मिनिटं.

तेवढ्यात वॅगन भरली असती,
घडांखाली पाला अंथरून,
भुसावळ, इटारसी, झाशी,
दिल्लीत पोचेस्तोवर केळी पिवळी पडली असती,
आझादपूरच्या कुणा पोरानं खाऊन
साल रस्त्यात टाकलं असतं,
त्यावरून एखादा घसरून
उठून कपडे झटकून गेलाही असता,
आणि इकडे माझ्या कागदावर
बाळाचं अजून कपाळच उतरत असतं.

आता पाव सेकंद.
चष्मा सापडायच्या आत बाळ हजर.

त्या यंत्राला एक कळ होती.
ती दाबली की पलीकडच्या यंत्राला प्रश्न जायचा:
तू कोण?
खोलीत माणूस असो नसो,
यंत्र आपणहून नाव सांगायचं.
मगच भाव टाकायचा.
माणसाचं नाव मला सहा वर्षांनी कळलं, ओमवीर,
तेही त्यांच्या मुनीमजींनी त्याला शिवी दिली तेव्हा, ट्रंक कॉलवर.

शब्दाला पैसे नव्हते, वेळेला होते,
म्हणून आम्ही स्वर गाळायचो.
केळीचं नुसतं के-एल उरायचं.
पण एका डिसेंबरात भाव संपले
आणि यंत्र थांबलं नाही.
के.
ओ.
मी कागदावर वाकले.
एच, आर, ए.
सगळे स्वर जागच्या जागी.

कोहरा.
सावद्यात विचारायचं कुणाला?
शेवटी स्टेशनातल्या पार्सलबाबूंनी सांगितलं,
धुकं हो, बाई. दिल्लीत फार पडतं.
आमच्याकडे थंडी पडते, पहाटे शेकोट्या पेटतात,
पण हात लांब केला की हात दिसतो.

दुसऱ्या दिवशी भाव पाठवून झाल्यावर
मी लिहिलं, यहां धूप.
दीड सेकंद.
जिवरामशेटच्या खात्यावर.
अजून फेडलेला नाही.

पुढे फॅक्स आला, मग सगळंच आलं,
आणि ते धूड भंगारवाल्यानं तोलून नेलं,
बासष्ट किलो.
वजन मीच लिहून घेतलं, सवयीनं.

रुबाबनं खोक्यावरचा दिवा दाखवला,
हिरवा झाला म्हणजे आलं.
मग फोन हातात धरून म्हणाला,
मावशी, नाव काय देऊ वायफायला?
शेजारीपाजारी दिसेल बरं का, नीट सांगा.

सांगितलं.
त्यानं एकेक अक्षर दाबलं.
म्हणजे काय हो?
म्हटलं, धुकं.

त्यानं दारातून बाहेर पाहिलं,
अंगणात नजर टिकत नव्हती,
माझ्या बिबड्या वर कडकडीत वाळल्या असतील,
आणि म्हणाला,
मावशी, पंचेचाळीस आहे आज.