जाऊ देणे

बुधवारी संध्याकाळी ग्रिम्सबीच्या लायब्ररीत
मुलांच्या पुस्तकांमागे, बुटक्या टेबलाशी,
माझे सहा प्रौढ विद्यार्थी गुडघे पोटाशी घेऊन बसतात.
मी त्यांना शिकवते
की शब्द सगळे ओळखीचे निघाले
तर जास्तच जपून राहायचं.

नवा मुकादम म्हणाला, 'चल, तुला दोर दाखवतो',
तर घाबरू नका. काम शिकवणार आहे.
कुणी हवामानाखाली असेल
तर त्याच्या अंगात थोडी कसर आहे.
शेजारच्या म्हाताऱ्याने बादलीला लाथ मारली असं कळलं
तर बादली उचलायला धावू नका,
काळे कपडे इस्त्री करा.

दाइवा हसते. तिच्या लिथुएनियात थापाड्या माणूस
दुसऱ्याच्या कानांवर शेवया टांगतो.
सेम्हार दोन्ही कान झाकून घेते.
वर्ग असा छान चाललेला असतो,
आणि हेमिन हात वर करतो,
शाळेत करावा तसा, कोपर सरळ.

'जाऊ देणे,' तो विचारतो,
'याला दुसरा अर्थ आहे का?'

शुक्रवारी क्रेगने त्याला ऑफिसात बोलावलं होतं,
मासे पॅक करतात त्या हॉलच्या वर, जिथे हीटर आहे.
म्हणाला, 'हेमिन, आम्ही तुला जाऊ देतोय.'
चार वर्षांत पहिल्यांदाच दुपारी दोनला!
हेमिनने दोनदा थँक यू म्हटलं.
मुलीला शाळेतून घेतलं,
क्लीथॉर्प्सच्या वाळूत गाढवावर बसवलं,
चिप्स खाल्ले, व्हिनेगर जास्त घालून.
सोमवारी पहाटे पाचला डबा घेऊन फाटकाशी गेला.
कार्ड लावलं. लाल दिवा.
बाहीला पुसून परत लावलं.
त्याला वाटलं, थंडीने कार्ड आजारलं असेल.

कुणी काही बोललं नाही.
माझ्या हातात खडू होता
आणि फळ्यावर भरपूर जागा होती.
शेवटी दाइवानेच सांगितलं, खालच्या आवाजात,
सरळ, व्याकरणाची एक चूक करून.

मला अर्थ माहीत नव्हता असं नाही.
मी सात वर्षांची असताना, फेब्रुवारीत,
कंपनीचा माणूस टोपी हातात धरून दारात उभा राहिला
आणि आईला म्हणाला, 'जहाज हरवलं.'
हरवणं मला ठाऊक होतं.
आदल्याच महिन्यात माझा हातमोजा हरवला होता
आणि कुणीतरी तो चर्चच्या कुंपणावर अडकवून ठेवला होता.
म्हणून मी वहीचं पान फाडून लिहिलं:
*हरवले आहेत, बाबा. केस तांबडे.
डाव्या करंगळीचं टोक नाही.
सापडल्यास एल्सी ब्लँचर्डला कळवावे.*
आणि बर्फाच्या कारखान्याच्या दारावर चिकटवलं.
येणाजाणारे खलाशी वाचत होते.
एकानेही मला अर्थ सांगितला नाही.
कागदाचं वरचं टोक सुटलं
तेव्हा कुणीतरी तिथं नवा खिळा मारला.

हे मी वर्गाला सांगितलं नाही.
पाठ बाराव्या पानावर होता, आम्ही तेरावं काढलं.

हेमिन वहीत उजवीकडून डावीकडे
त्याच्या अक्षरांत काहीतरी लिहीत होता, बराच वेळ,
दोन शब्दांच्या अर्थाला लागतो त्याहून बराच.
मग म्हणाला, 'क्रेगने हात मिळवला होता.
तोही वाक्प्रचारच का?'

पुस्तकाच्या मागे उत्तरं दिलेली आहेत.
हे तिथे नाही.

आठ वाजता वॉचमनने किल्ल्या वाजवल्या.
बुटक्या खुर्च्या एकीत एक घालून ठेवताना
मी त्याला सॉरी म्हटलं. नेमकं कशाबद्दल,
क्रेगबद्दल की भाषेबद्दल, ते नाही सांगितलं.
तो म्हणाला, 'जाऊ द्या, मिस.'

आणि म्हणता म्हणताच थबकला,
खिशातून परत वही काढली.
'मिस, हे तेच का?
जाऊ देणे, तेच?'