खरवड

इझमीरला समुद्राकडे तोंड करून बसलेली हॉटेलं
आधी फोटो वाढतात.
फोटोतल्या माशावर लिंबाची फोड कधी सुकत नाही.
दारातला पोरगा 'मॅडम, मॅडम' करत
माझ्यासोबत वीस पावलं चालला.
मी तीस वर्षं सहकारी बँकेत रोकड मोजली आहे,
इतकं बोलावणाऱ्याची शिल्लक
मला खातं न उघडता कळते.

जेवणाचे पैसे पाकिटांत घालून आणलेत,
वरती वार लिहून. आज मंगळवार.

पाऊण वाजता बाजारातल्या एका कुलुपवाल्यानं
शटर अर्ध्यावर ओढलं,
कमरेचा जुडगा खुळखुळवत निघाला,
आणि मी मागोमाग.
नवख्या गावात भूक लागली की
किल्ल्यांच्या आवाजामागे जावं,
हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सुचलं.

गल्ली, गल्लीच्या पोटातली गल्ली,
तांबट, बटणवाला, झोपलेलं मांजर,
मग एक काच, आतल्या वाफेनं आंधळी.
सहा टेबलं. मेन्यू म्हणजे पातेली:
समोर उभं राहायचं, बोट दाखवायचं.
मी वांग्याकडे दाखवलं, वांगं ओळखीचं.
पोट चिरून भरलेलं, आपल्यासारखंच,
फक्त दाण्याच्या कुटाच्या जागी खिमा
आणि तिखटाला रजा.

नज्मियेबाई म्हणाल्या, पिलाव.
मी म्हटलं, पुलाव.
मग टेबलावर शब्दांचे पत्ते पडायला लागले:
दुकान, बाजार, साबण, मैदान,
जेव्देत, तोच कुलुपवाला, हसत एकेक उचलत होता.
मी त्याच्या जुडग्याला बोट लावून म्हटलं, किल्ली.
तो म्हणाला, किलित,
आणि खिशातून काढून दाखवलं
कुलूप.
इतक्या जवळ येऊन उघडलं नाही.

शेवटी मी हवेत सही केली.
नज्मिये म्हणाल्या, 'हेसाप?'
हा शब्द मला कोणी शिकवायला नको.

बुधवारी पांढऱ्या घेवड्याचा रस्सा,
पावाचा कोपरा बुडवून, बोटं चाटून.

गुरुवारी बोट चुकली. पोहोचले तेव्हा पावणेतीन,
पातेली पालथी,
आतल्या टेबलावर घरचीच माणसं जेवत होती.
मी वळले तर बाईंनी ओरडूनच बसवलं.
सगळ्यात मोठं पातेलं पुन्हा उताणं केलं
आणि उलथन्यानं खर्र खर्र काढलं
तळाशी धरलेलं, तांबूस, लोण्यात भिजलेलं.
खरवड.
आमच्या घरी यावरून चार भावंडांत
रक्त निघेपर्यंत मारामाऱ्या झाल्यात.
हे सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते,
म्हणून हातावरचा जुना व्रण दाखवला.
त्यांना काय कळलं कोण जाणे,
अजून एक पापुद्रा माझ्या ताटात पडला.

मी पाकीट काढलं.
त्यांनी त्यावर ओला तळवा ठेवला,
दुसऱ्या हातानं शटर ओढल्याची खूण केली.
पातेलं बंद, हेसाप बंद.

रात्री खोलीवर गुरुवारचं पाकीट भरलेलं,
एका कोपऱ्यावर लोण्याचा डाग.
पाच पैशांची तफावत असली तरी
मी बँकेतून घरी जात नसे.

शुक्रवारी दोन्ही पाकिटं घेऊन
साडेबारालाच निघाले.
दुकान खच्चून भरलेलं,
जेव्देत आधीच बसलेला,
आणि त्याच्यासमोरच्या खुर्चीवर
किल्ल्यांचा जुडगा,
कोणी बसू नये म्हणून.