रकाना

सेमिनरी हिल्सच्या जनावरांच्या दवाखान्यात
कंपाउंडर पोरगा फॉर्म भरतो आहे.
मालकाचं नाव : शालिक रंगारी.
पत्ता : इंदोरा.
जनावर : कुत्रा, मादी.
जात :
इथे त्याचं पेन थांबतं.

मी पंचावन्न वर्षं कुत्र्यांच्या मागे आहे.

पहिला हौद्या. नळाच्या हौदापाशी सापडला म्हणून.
बाबा मिलमध्ये, साच्यावर.
भोंगा व्हायच्या आधीच याचे कान उभे,
मग पुलापर्यंत पळत,
आणि परतताना बाबांच्या सायकलपासून हातभर लांब,
जणू आणायला गेलाच नव्हता.
मिलला कुलूप लागलं, भोंगा गेला,
तरी साडेतीनला हौद्या पुलाशी जाऊन बसायचा.
बाबा घरात, खाटेवर, भिंतीकडे तोंड करून.
समजवायचं कोणाला आधी, तेच कळेना.

आरएमएसमध्ये चिकटल्यावर पॉमेरेनियन बघायला गेलो.
धरमपेठ. बाईंच्या यजमानांची पुण्याला बदली.
चहा दिला. आडनाव विचारलं.
"रंगारी म्हणजे?"
म्हणजे काय विचारलं, ते मला कळलं.
मी सांगितलं.
मग त्या म्हणाल्या, "याला ना, घराची फार सवय लागते हो."
ते पांढरं पिल्लू तोवर माझ्या मांडीवर झोपलेलं.
त्याला उतरवायला त्यांना
तीनदा हाक मारावी लागली.

तेव्हापासून मी ब्रीड म्हणतो.
तो दुसरा शब्द कुत्र्यालाही लावत नाही.

बर्डीच्या फुटपाथवरून पुस्तकं आणली.
रात्री डाकेच्या डब्यात, इटारसी गेल्यावर,
पत्रांची खणाखणांत वाटणी झाली की
पिवळ्या बल्बखाली वाचायचो :
कोण मेंढ्या राखतं, कोण पाण्यात उडी घेतं,
कोण कोणाच्या पोटचं, सात पिढ्यांचा दाखला.
हाताला खणांची सवय होती.
कुत्रीही खणात पडत गेली.
एकदा लाज वाटली.
पुस्तक मात्र मिटलं नाही.

थकबाकी मिळाली तेव्हा लॅब्राडोर. बेगम.
नवतप्यात कूलरपुढच्या ओल्या फरशीवर पसरायची,
वाळ्याच्या ताट्यांचे थेंब जिभेवर झेलत.
विमल म्हणायची, "थंड्या मुलखाचं जनावर,
काहून आनलं बाप्पा इथं?"
सहाव्या उन्हाळ्यात, दुपारी अडीचला,
बेगमनं पाण्याच्या वाडग्याकडे पाहिलं
आणि उठली नाही.

रिटायर झाल्यावर वहीत यादी केली.
ऊन सोसणारं. आखूड केसांचं.
विमलच्या गुडघ्याला न ओढणारं.
कामठीला एक कारवान पाहिला,
उंच, बरगड्या मोजता येतील असा,
माझ्या पलीकडे कुठलंतरी माळरान बघत उभा.
आम्ही दोघांनीही मान फिरवली.

आणि मग ही.
मारबतीच्या गर्दीत फटाक्यांना भिऊन
थेट माझ्या स्कूटरवर, दोन पायांच्या मधे.
लोक ओरडत होते, घेऊन जा गे मारबत!
मी घेऊन गेलो.

एक कान उभा, एक पडलेला,
पाठ जास्त भाजलेल्या विटेची,
मागचे पाय कोणाचे तरी उसने.
विमल दारातच : "कोन्त्या खानदानाची हाये ही?"
आणि पोळी कुस्करायला घेतली.
वही कुठे गेली, मला ठाऊक नाही.

"काका, जात सांगा ना. देशी लिहू? का मिक्स?"

टेबलावर ती थरथरत उभी,
माझं मनगट हुंगते, बगल, खिसा,
रात्रीची चटणी, जुनी तपकीर, विमलचं बाम,
नाकाला काही म्हणजे काही सोडायचं नाही.

"तो रकाना राहू दे, बाळा."
"रिकामा चालत नाही काका."
मग तोच काहीतरी लिहितो,
हात आडवा धरून.
सवय असेल. किंवा नसेल.

सुई टोचली तेव्हा तिनं फक्त श्वास सोडला.

कागदाची घडी खिशात. वाचलेली नाही.
बाहेर, किक मारायच्या आधीच
ती पुढे चढून बसलेली,
उभा कान वाऱ्याला,
पडलेला माझ्या गुडघ्याला.