पायसांदूची हिलमन

चौथ्यांदा आले या गल्लीत.
खाटकाच्या दुकानापुढे तीच, हिलमन मिन्क्स,
रंग कधीकाळी पिस्त्याचा असावा,
उरुग्वेच्या उन्हाने चाटून चाटून
आता नुसता पिस्त्याच्या टरफलाचा.
मागच्या सीटवर तीन लाल भोपळे.
बॉनेटवर मांजर, पोट टेकून, डोळे मिटून:

म्हणजे इंजिन अजून कोमट आहे.
म्हणजे चालते.

दारावरच्या धुळीत कुणी बोटाने मांडलंय
सात गुणिले अठरा. उत्तर चुकलेलं.
मी गुडघ्यावर बसले, लेन्स फिरवली,
तोच दुकानातून विल्मार एचेगाराय:
"अशी पारोशी नको गं काढूस तिला!"

बादली. फडकं.
गुणाकार वाहून गेला, मांजर गेलं,
मग ते गेले शर्ट बदलायला
आणि ऊन गेलं नदीपलीकडे, अर्जेंटिनात.

आले ते भांग पाडून, काखेत मातेचा थर्मास,
उभे राहिले बरोब्बर गाडीच्या पुढ्यात,
हात कमरेवर, पोट आत.

फोटोत एकच दिवा दिसतो गाडीचा,
त्यांच्या कोपराच्या त्रिकोणातून.

मागे पेन्सिलीने लिहिलंय मी:
हिलमन, १९५१, मालकासह.
आणि खाली, कुणी विचारलं नसताना,
एकशे सव्वीस.