परसाकडे

डिसेंबर लागला की माझ्या स्वयंपाकघरात
एकशे चाळीस माणसं परसाकडे बसतात.
टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर ओळीने,
विजार गुडघ्यांखाली, टोपी लाल,
चेहऱ्यावर हिशेब जुळल्याचं समाधान.

बोटाएवढे सगळे.
माती एउदाल्द मळायचा, साचा त्याच्या आजोबांचा,
रंग माझे. आणि मागचं ते,
शंखासारखं वळलेलं, वर टोक असलेलं,
ते खातं आमच्या नेउसकडे.
चार वर्षांची असल्यापासून तळहातावर मातीची वळी,
एक वेटोळं, दुसरं वेटोळं, वर चिमटा.
शाळेत बाईंनी विचारलं, घरी काय मदत करतेस?
तिनं खरं ते सांगितलं.

पिरेनीजच्या पायथ्याशी, आमच्याकडे,
नाताळचा देखावा ह्याच्याशिवाय पुरा होत नाही.
गोठा, बाळ, आई, उंटांवरचे तीन राजे,
शेवाळ खरं, नदी चॉकलेटच्या चंदेरी कागदाची,
आणि लांब, पुलाच्या आडोशाला, हा.
पोरं बाळाकडे नंतर वळतात, आधी ह्याला शोधतात.
का बसतो?
कुणी म्हणतं, जमिनीला खत.
कुणी म्हणतं, शेजारच्या गावाला चिडवायला.
मला विचाराल तर
देव काय सांगून येतो थोडाच?
येतो तेव्हा माणूस जिथे असेल तिथे, असेल तसा सापडतो.

सप्टेंबरात नवे पाद्री आले, फादर विल्मेर,
समुद्रापलीकडचे, कोलंबियाच्या गरम दरीतले.
पायात दोन-दोन मोजे, तरी कुडकुडणारे.
देवळातला देखावा मांडला, आणि दुसऱ्या दिवशी
रुमालात काहीतरी गुंडाळून माझ्या दारात.
"सेन्योरा रेमेई, कुणीतरी वात्रटपणा केलाय."
"कुणीतरी नाही, फादर. मी."

मी परत ठेवला. त्यांनी परत आणला.
असं तीन वेळा.
एकदा तर स्वच्छ धुऊन आणला, टोपीचा रंग गेला.

चौथ्यांदा मी वाद घातला नाही.
कॉफी ओतली, ब्रश दिला.
"टोप्या राहिल्यात चाळीस," म्हटलं, "बसा."
आणि ते बसले.

रंगवता रंगवता बोलायला लागले.
त्यांच्या आईच्या देखाव्यात फुटका आरसा असायचा, तळं म्हणून,
त्यावर प्लास्टिकची बदकं, उंटांहून थोराड,
आणि डोंगरावर एक खेळण्यातला ट्रक, कारण भाऊ ट्रक चालवायचा.
"ट्रक बेथलेहेमला कसा पोचला?" मी विचारलं.
ते हसले. ब्रशचा लाल थेंब बाहीवर पडला.

एउदाल्द फेब्रुवारीत गेला.
माती आता पाकिटातून येते, भिजवली की झाली.
नेउस रॉटरडॅमला, बंदरात, कंटेनर मोजते.
वेटोळी यंदा माझ्यावर आली,
आणि माझी बोटं थरथरतात.
एक लवंडतं, दुसरं फिसकटतं,
तिसरं बघून तर बसलेल्याची काळजी वाटावी.
फादर बराच वेळ बघत राहिले.
मग बाह्या सारल्या, मातीचा गोळा उचलला.
लहानपणी मक्याचं पीठ मळलेले हात.
एक वेटोळं, दुसरं, वर चिमटा.
"बिशपांना कळवू नका," म्हणाले.
संध्याकाळपर्यंत एकोणसाठ झाली.

नाताळच्या रात्री देवळात
मी पुलाजवळ बघितलं. नाही.
विहिरीमागे नाही, मेंढ्यांत नाही.
पोरं गुडघ्यांवर रांगत होती, मीही चष्मा पुसला.
मग कुणीतरी ओरडलं, इथे! इथे!
गाढवाच्या पाठीमागे, गोठ्याच्या भिंतीला लागून,
वारा लागणार नाही अशा बेतानं बसवलेला.
फादर प्रार्थनेच्या पुस्तकात डोकं घालून उभे.

फोटो काढून मी नेउसला पाठवला.
रात्री उशिरा तिचं उत्तर आलं.
बाबांबद्दल काही नाही, माझ्या गुडघ्यांबद्दल नाही.
"आई, हे कुणी केलं? हे डावीकडे वळलंय."

डावखुरा आहे एक, मी लिहिलं.
नवीन आहे. शिकतोय.